‘स्वदेस’मधला दिवा

आशुतोष गोवारीकरांचा ‘स्वदेस’ हा बोलपट १७ डिसेंबर २००४ रोजी पडद्यावर आला. चित्रपटगृहांकडे तेव्हा गर्दी फारशी वळली नाही. पण पुढे घरोघरच्या दूरचित्रवाणीने त्याला जे प्रेम मिळवून दिले, ते फार थोड्या चित्रपटांच्या वाट्याला येते. आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांनी एकत्र बसून पाहावा असा हा चित्रपट आहे, ह्याविषयी माझे दुमत नाही. मीही तो अनेकदा पाहिला आहे, आणि त्या म्हातारीच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर विजेच्या दिव्याचा उजेड पडतो तेव्हा दर वेळी माझाही घसा दाटून आला आहे. माझी तक्रार आहे ती ह्या दाटून आलेल्या घशाविषयीच. डोळ्यांत पाणी आले म्हणजे हिशेब पुरा झाला असे आपण समजतो. आणि दिग्दर्शकानेही तसेच समजून घेतले आहे.

कथा सर्वांना ठाऊक आहेच. ‘नासा’मध्ये पर्जन्यमापनाच्या उपग्रहावर काम करणारा मोहन भार्गव आपल्या लहानपणच्या कावेरीअम्माला शोधत उत्तर प्रदेशातल्या चरणपूर गावी येतो. गावात वीज आहे, पण ती असून नसल्यासारखी. मोहन डोंगरावरचा झरा हेरतो, पंचायतीचे मन वळवतो, स्वतःच्या पैशाने यंत्रसामग्री आणतो, गावकरी श्रमाला हात लावतात आणि गाव आपली वीज आपण तयार करते. 

ह्या चित्रपटातली दोन दृश्ये मला त्या दिव्याच्या दृश्यापेक्षा पुष्कळ मोठी वाटतात. पहिले उघड्या मैदानावरच्या सिनेमाचे. पडद्याच्या एका अंगाला गावातली वरची माणसे, दुसऱ्या अंगाला खालची. एकांना चित्र सुलटे दिसते, दुसऱ्यांना उलटे. ऐन रंगात वीज जाते. मोहन पोरांना आकाशातले तारे दाखवू लागतो आणि गाता गाता मधला पडदाच खाली ओढतो. वीज होती तोवर गाव दुभंगलेले होते. अंधार झाल्यावर ते एकत्र बसले. एवढी मार्मिक कल्पना हिंदी पडद्यावर क्वचितच आली असेल. गंमत अशी, की वीज आली म्हणजे सारे काही ठीक होईल ह्या पुढच्या दोन तासांतल्या श्रद्धेला त्या एका दृश्याने आधीच सुरुंग लावून ठेवला आहे, आणि ते कुणाच्या ध्यानातही आलेले दिसत नाही.

दुसरे दृश्य हरिदासचे. गीताच्या जमिनीचा खंड थकला आहे. तो वसूल करायला मोहन कोडी गावी जातो. हरिदास जातीने विणकर. मागावर पोट भरेना म्हणून त्याने कुळाने जमीन कसायला घेतली. पण विणकराने शेती करणे गावाला रुचले नाही, आणि गावाने त्याच्या पिकाला पाणी दिले नाही. पीक गेले, खंड थकला. घरात अन्न नाही, तरी पाहुण्याला जेवू घालण्याची त्याची धडपड आहे. परतीच्या वाटेवर, बाटलीबंद पाण्याशिवाय घोट न घेणारा मोहन, स्टेशनावरच्या पोराकडून चार आण्यांचे पाणी विकत घेऊन पितो. शाहरुख खानने येथे जो संयम दाखवला आहे तो त्याच्या इतर कामांत मला आढळला नाही.

इथपर्यंत चित्रपटाला एक गोष्ट पक्की ठाऊक आहे : पाणी कुणाचे आणि कुणाला मिळणार, हे गाव ठरवते, आणि गाव म्हणजे गावातली बळकट माणसे. पण तोच चित्रपट तासाभराने डोंगरावरच्या झऱ्यापाशी येतो तेव्हा त्याला ह्यातले काहीच आठवत नाही. झरा जणू आकाशातून पडला आहे. त्याच्या खाली कुणाचे शेत नाही, कुणाचा पाट नाही, कुणाची गुरे तेथे पाण्यावर येत नाहीत. पाणी अडवा, नळीतून खाली सोडा, टर्बाइन फिरवा, दिवा लावा. हरिदासला पाणी नाकारणारे गाव आपल्या विजेची वाटणी कशी करील, हा प्रश्न विचारण्याचा हक्क चित्रपटानेच आपल्याला दिला आहे. उत्तर मात्र तो देत नाही.

‘अहो, सिनेमा म्हणजे काय जमाखर्चाची वही आहे?’ असे कुणी म्हणेल. नाही, पण वही उघडून पाहिली तर तिच्यात नाट्य किती आहे ते पाहा. ‘स्वदेस’मागे नंदुरबार जिल्ह्यातल्या बिलगावच्या प्रयोगाची प्रेरणा होती, असे पुष्कळदा लिहिले गेले आहे. सातपुड्यातल्या ह्या आदिवासी गावात २००३ साली लोकांनी श्रमदान करून धबधब्याच्या पाण्यावर १५ किलोवॅटचे छोटे वीजकेंद्र उभे केले. आता गणित करू. समजा, एखाद्या गावात दीडशे घरे आहेत. १५ किलोवॅट दीडशे घरांत सारखे वाटले तर घरटी १०० वॅट आले : दोन दिवे आणि एक पंखा. पण पाच अश्वशक्तीचा एक शेतीपंप पावणेचार किलोवॅट खातो. म्हणजे गावातल्या चौघा बागाईतदारांनी एकाच वेळी पंप सुरू केले, की दीडशे घरांत अंधार! त्या चौघांना ‘थांबा’ म्हणणार कोण? रात्री सात वाजता सर्वांनाच दिवा हवा, आणि दुपारी दोन वाजता वाहणारी वीज कुणालाच नको. मग दुपारची वीज पिठाच्या गिरणीला द्यायची, तर गिरणी कुणाच्या मालकीची? उन्हाळ्यात झरा आटला म्हणजे कुणाचा दिवा आधी बंद करायचा? यंत्राचे बेअरिंग झिजते, तारा तुटतात, राखणदाराला पगार लागतो. पाण्याला दाम पडत नाही म्हणून वीज फुकट, हा भाबडेपणा आहे. मोहनच्या खिशातून यंत्र आले, पण दुसऱ्या वर्षीचे बेअरिंग कुणाच्या खिशातून येणार? दरमहा घरटी वर्गणी ठरली असेल, तर खंडसुद्धा न देऊ शकणारा हरिदास ती कोठून देणार? माझ्या मते खरा चित्रपट येथे सुरू होतो, आणि गोवारीकरांनी नेमका येथेच तो संपवला आहे.

बिलगावचे पुढे काय झाले, हे तर कोणत्याही पटकथाकाराला सुचले नसते. २००६ च्या पावसाळ्यात सरदार सरोवराच्या फुगलेल्या पाण्याने ते केंद्र उद्ध्वस्त केले. त्या धरणावरच्या वीजगृहांची क्षमता १४५० मेगॅवॅट. १९७९ च्या लवादाने त्यातल्या विजेचा २७ टक्के वाटा महाराष्ट्राला, ५७ टक्के मध्य प्रदेशाला आणि १६ टक्के गुजरातेला दिलेला. म्हणजे महाराष्ट्रातल्या एका गावाची १५ किलोवॅट वीज बुडाली आणि महाराष्ट्राच्या खाती त्याच पाण्यातून शेकडो मेगॅवॅट जमा झाले. त्रैराशिक मांडणारा म्हणेल, सौदा फायद्याचा झाला. फायदा कुणाच्या खाती आणि तोटा कुणाच्या, एवढेच त्रैराशिकात येत नाही. हे आपल्याला नवे नाही. १९२१ साली मुळशी पेट्यातल्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या पुढारीपणाखाली टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तेव्हा वीज मुंबईकडे जाणार होती आणि भातखाचरे मावळ्यांची बुडणार होती. ‘स्वदेस’चे चरणपूर पडद्यावर उत्तर प्रदेशात असले तरी पुष्कळसे चित्रण झाले ते वाईजवळच्या मेणवलीला, म्हणजे कोयनेच्याच सातारा जिल्ह्यात. विजेसाठी गावे उठली ती कथा कॅमेऱ्यापासून काही कोसांवर होती. कॅमेरा तिकडे वळला नाही.

चित्रपटाच्या बाजूने एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. त्याच्या आदल्याच वर्षी झालेल्या २००३ च्या वीज कायद्याने सरकारने अधिसूचित केलेल्या ग्रामीण भागात वीज निर्माण करून वाटण्यासाठी परवान्याची अट काढून टाकली होती. तेव्हा मोहन कचेऱ्यांचे उंबरठे झिजवताना दिसत नाही, ह्यात अगदीच खोटे काही नाही. अडचण निराळीच आहे. गावाने आपली वीज केली आणि पाठोपाठ सरकारची तार आली, म्हणजे काय होते? बिहारातल्या जहानाबाद जिल्ह्यात धरणई गावी २०१४ साली १०० किलोवॅटचे सौरऊर्जेचे केंद्र मोठ्या समारंभाने सुरू झाले. त्याच्यावर शीतकपाट चालवायचे नाही, शेगडी लावायची नाही, आणि युनिटमागे पैसे सरकारी विजेपेक्षा जास्त. गावकऱ्यांनी मुख्यमंत्र्यांकडे मागणी केली ती ‘खऱ्या’ विजेची. खरी म्हणजे सरकारी तारेची! ती आली, आणि सौरकेंद्राच्या जागी पुढे गुरे बांधली जाऊ लागली. ह्या गावकऱ्यांना हसणाऱ्या शहरी विद्वानांनी आपल्या घरातली दहा यंत्रे महिनाभर बंद ठेवून पाहावीत. सरकारी वीज स्वस्त असते कारण तिच्या किमतीतला काही भाग दुसऱ्या कुणाच्या बिलात लपवलेला असतो. एकट्या गावाला आपली किंमत लपवायला जागाच नसते. चरणपूरच्या टर्बाइनवरही आज बहुधा गंज चढला असता, आणि त्याचा दोष ना मोहनचा, ना गावकऱ्यांचा.

आता सूर्याची पाळी आहे, आणि म्हणूनच वीस वर्षांपूर्वीच्या ह्या चित्रपटाची झाडाझडती आज घ्यावीशी वाटली. महाराष्ट्रात २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. शेतकऱ्याला रात्री-अपरात्री विंचूकाट्यांतून मोटर सुरू करायला जावे लागू नये, दिवसा वीज मिळावी, हा तिचा हेतू. आणि तो मला मनापासून मान्य आहे. उपकेंद्राजवळची जमीन सौरपट्ट्यांसाठी भाड्याने द्यायची. २०२३ च्या सुधारित योजनेत हे भाडे हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये ठरले. पडीक माळाचा मालक खूष होईल, यात नवल नाही. २०१९ च्या केंद्राच्या कुसुम योजनेतही शेतकऱ्याला आपल्या जमिनीवर सौरप्रकल्प उभारता येतो, किंवा ती भाड्याने देता येते.

‘आपल्या जमिनीवर’ ह्या शब्दांपाशी मी थबकतो. कोडी गावातली ती जमीन गीताची आहे. हरिदास तिच्यावरचे कूळ. गीता सज्जन आहे, थकलेला खंड ती सोडूनही देईल. पण उद्या एखाद्या कंपनीचा माणूस वर्षाला सव्वा लाखाचा कागद घेऊन तिच्या दारात उभा राहिला, तर तिच्या शाळेला पैसा हवाच आहे. करारावर सही गीताची होईल, भाडे गीताला मिळेल, वीज तारेने दूर कोठे तरी जाईल. हरिदासने माग आधीच सोडला आहे. चित्रपटात मोहन अमेरिकेतून परत येतो आणि चरणपुरात कुस्ती खेळताना दिसतो. कोडी गावी तो पुन्हा गेल्याचे दिसत नाही.