विकास-संज्ञापनाची प्रतिमाने आणि कुंडल परिसराचा इतिहास : एक चिकित्सा

संज्ञापन आणि विकास यांच्या परस्परसंबंधाचा इतिहास आपल्या पाठ्यपुस्तकांतून बहुधा एकाच ठिकाणी सुरू होतो. डॅनियल लर्नर यांचा 1958 चा ग्रंथ, त्यातील अंकाऱ्याजवळचे बालगात हे तुर्की खेडे, तेथील वाणी आणि मुखिया. नंतर विल्बर श्रॅम यांचा 1964 चा ग्रंथ आणि एव्हरेट रॉजर्स यांचा नवप्रवर्तनाच्या प्रसाराचा सिद्धान्त. नागरीकरणातून साक्षरता, साक्षरतेतून माध्यमांचा संपर्क आणि त्यातून सार्वजनिक जीवनातील सहभाग, अशी लर्नर यांची साखळी आहे. पदव्युत्तर वर्गात ती इतक्या वेळा फळ्यावर लिहिली गेली आहे की ती एक गृहीतक आहे, याचेच विस्मरण व्हावे. सांगली जिल्ह्यातील कुंडल आणि त्याच्या शेजारची किर्लोस्करवाडी यांचा इतिहास या साखळीसमोर ठेवून पाहिला असता तिच्यातील दुवे जागचे हलतात.

प्रथम या प्रतिमानाला अनुकूल दिसणारा भाग पाहणे न्याय्य होईल. बेळगावातून उठावे लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळचा माळ दिला आणि 1910 मध्ये तेथे कारखान्याची वसाहत उभी राहिली. लोखंडी नांगरामुळे जमीन विषारी होते, या समजुतीमुळे प्रारंभीचे नांगर दीर्घकाळ विकलेच गेले नाहीत, ही हकिकत सर्वश्रुत आहे. रॉजर्स यांच्या परिभाषेत ही प्रसाराची क्लासिक समस्या होय. 1920 मध्ये येथूनच ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. कारखान्याच्या वार्तापत्रातून शं. वा. किर्लोस्करांनी एक वैचारिक मासिक घडविले. 1930 मध्ये ‘स्त्री’ आणि 1934 मध्ये ‘मनोहर’ यांची त्यात भर पडली. एका माळरानावरील छापखान्यातून बुद्धिवाद, स्त्रीशिक्षण आणि उद्योगशीलता यांचा पुरस्कार महाराष्ट्रभर व्हावा, ही घटना असामान्यच आहे.

परंतु हा संवाद कोणाशी होता? आगगाडी आणि टपाल यांच्या आधाराने ही मासिके पुणे, मुंबई, नागपूर येथील साक्षर मध्यमवर्गाच्या घरी पोहोचत होती. शेजारच्या गावातील अक्षरशत्रू कुणबी, मांग, रामोशी हा त्यांचा वाचक असणे शक्यच नव्हते. शंकररावांच्या कार्याचे मोल यामुळे कमी होत नाही. मात्र माध्यमाचे उगमस्थान आणि त्याचे प्रभावक्षेत्र या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचे भान मराठी नियतकालिकांच्या इतिहासलेखनात क्वचितच आढळते.

याच कुंडलने 1943 ते 1946 या काळात संज्ञापनाचा दुसरा, संपूर्णपणे वेगळा प्रयोग पाहिला. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील प्रतिसरकारचे कुंडल हे प्रमुख केंद्र होते; जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन रामचंद्र लाड यांची तुफान सेना येथेच घडली. कुंडल औंध संस्थानात असल्याने ब्रिटिश पोलिसांना तेथे थेट हात घालणे अवघड जाई, आणि त्या संस्थानात 1939 च्या राज्यघटनेने ग्रामपंचायतींना अधिकार दिलेले होते, ही पार्श्वभूमीही विसरता येत नाही. सरकारी संज्ञापनाची साधने, म्हणजे तारा, टपाल आणि रेल्वे, ही या चळवळीची लक्ष्ये होती. 7 जून 1943 रोजी शेणोलीजवळ सरकारी पगाराची रक्कम नेणारी गाडी लुटली गेली. स्वतःची साधने मात्र तिने लोकव्यवहारातूनच घेतली: पायी निरोप पोहोचविणारे कार्यकर्ते, रात्रीच्या बैठका, शाहीर शंकरराव निकमांसारख्यांचे पोवाडे आणि नाना पाटलांची शेत-गोठ्यातले दाखले देणारी, रांगड्या सातारी बोलीतील भाषणे.

तथापि या साधनांची जंत्री देऊन ‘लोकमाध्यमांचा प्रभावी वापर’ असा शेरा मारणे, जे अनेक प्रबंधांत घडते, हे विषयाचे सुलभीकरण आहे. पोवाडा तर तमाशाच्या फडातही होता. त्याला परिणामकारकता आली ती त्याच्यामागे उभ्या असलेल्या निर्णयशक्तीमुळे. न्यायदान मंडळापुढे सावकाराचा तंटा मांडला जाई, तो गावासमक्ष ऐकला जाई आणि निकालाची अंमलबजावणीही होत असे. ‘गांधी विवाह’ हा कर्जाविरुद्धचा उपदेश नव्हता. अत्यल्प खर्चात गावादेखत लागलेले लग्न हाच संदेश होता. येथे बोलणे आणि करणे यांत अंतर उरले नव्हते. साक्षरतेचे प्रमाण अल्प, रेडिओ जवळपास नाही, आणि तरीही सहभाग व्यापक! लर्नर यांच्या साखळीतील अखेरचा दुवा येथे प्रथम आला. सांगलीचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले ते 1963 मध्ये.

अर्थात या पर्वाचे उदात्तीकरणही टाळले पाहिजे. ‘प्रतिसरकार’चे ‘पत्री सरकार’ झाले ते तळपायांवरील शिक्षेच्या बोलबाल्यामुळे. प्रत्यक्ष शिक्षांपेक्षा त्यांची कर्णोपकर्णी पसरलेली वार्ता अधिक दूर गेली, म्हणजे अफवा हेही येथे माध्यमच होते आणि त्याचा पाया भय होता. भूमिगत कार्यात गुप्तता अपरिहार्य असते. परंतु गुप्तता आणि खुली चर्चा एकत्र किती काळ नांदू शकतात, हा प्रश्न उरतो. स्त्रियांनी निरोप, भाकरी आणि शस्त्रे पोहोचविली. न्यायदानाच्या चावडीवर त्यांचा आवाज कितपत होता, याविषयी चळवळीचे गौरवपर लेखन मौन पाळते.

स्वातंत्र्यानंतर विकास-संज्ञापनाची सूत्रे शासनाकडे गेली. 1956 मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने मराठी भाषक जिल्ह्यांतील 150 खेड्यांत रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग केला. पॉल न्यूरथ यांनी केलेल्या त्याच्या मूल्यमापनाचा निष्कर्ष बोलका आहे: केवळ रेडिओ असलेल्या गावांपेक्षा जेथे ऐकून गटाने चर्चा केली तेथे ज्ञानवृद्धी लक्षणीय झाली, आणि काही मंडळे निर्णय घेणारी संस्थाच बनू लागली. दहा वर्षांपूर्वीच्या चावडीचा हा क्षीण प्रतिध्वनी होता, असे म्हणता येईल. पुढे योजनेचा विस्तार झाला, पण मंडळांमधील निर्णयक्षमता मागे पडून संदेश तेवढा उरला. स्वतः रॉजर्स यांनी 1976 मध्ये जुन्या प्रतिमानाचा अस्त झाल्याचे मान्य केले. आपल्या अभ्यासक्रमांना ती वार्ता अद्याप पुरती पोहोचलेली दिसत नाही.

आजच्या कृष्णाकाठाकडे पाहिले की या चर्चेचे गांभीर्य कळते. अतिसिंचनाने आणि निचऱ्याच्या अभावी उसाची जमीन क्षारपड होते, ही माहिती येथील कोणत्या शेतकऱ्याला नाही? कृषी विभागाची पत्रके, आकाशवाणी, वृत्तपत्रे आणि आता भ्रमणध्वनी यांनी ती पुनःपुन्हा सांगितली आहे. परंतु पाण्याचे वाटप, उसाचा दर आणि निचऱ्याचा सामूहिक खर्च यांचे निर्णय एकट्या शेतकऱ्याच्या हाती नाहीत. त्यामुळे माहितीचे आचरणात रूपांतर होत नाही. अभाव माहितीचा आहे असे मानून आणखी एक प्रसारमोहीम आखणे, हा रोगाचे निदान चुकल्याचा पुरावा होय.

याउलट, 1990 नंतरच्या दशकात नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर आदींच्या पुढाकाराने आटपाडी येथे भरलेल्या पाणी परिषदांनी दुष्काळी तालुक्यांतील सामान्य शेतकऱ्याला पाण्याच्या समन्यायी वाटपाचा हिशेब बोलायला लावले. नागनाथअण्णा हे प्रतिसरकारच्याच पिढीचे. कृष्णेचे किती पाणी, कोणत्या तालुक्याला, कोणत्या योजनेतून, हे आकडे तेथे अभियंत्यांच्या अहवालातून सभेत आले आणि सभेतून मागणी होऊन शासनाकडे गेले.