पुढें पाठविलेलें वाङ्मय

गेल्या दिवाळींत आमच्या एका वडीलधाऱ्या आप्तांनीं कुटुंबाच्या व्हॉट्सॲप-गटावर एक स्फुट पाठविलें. खालीं लेखकाचें नांव होतें पु. ल. देशपांडे. म्हातारपण आनंदानें कसें घालवावें याविषयींचा तो मजकूर वाचून घरांतील चौघांनीं हात जोडले, दोघांनीं डोळे पाणावल्याचीं चित्रें धाडलीं. आम्ही मात्र त्यांतील एका वाक्यापाशीं अडखळलों. नातू मोबाईलमधून मान वर काढीत नाहीं, अशी त्यांत तक्रार होती. पु. ल. १२ जून २००० रोजीं निवर्तले. व्हॉट्सॲप निघालें २००९ सालीं. आणि मोबाईलमध्यें मान घालून बसणारा नातू महाराष्ट्राच्या घराघरांत अवतरला तो त्याहूनही पुढें. हें आम्हीं नम्रपणें लिहून कळविलें. उत्तर आलें, "असेल बुवा, पण विचार किती चांगला आहे!"

या उत्तराविषयींच आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

प्रथम या लेखनाचें स्वरूप पाहूं. पु. लं.च्या, वपु काळ्यांच्या, कुसुमाग्रजांच्या नांवावर असे कितीतरी मजकूर आज फिरतात. वपु २००१ सालीं गेले, कुसुमाग्रज १९९९ सालीं; तरी त्यांचें नवें लेखन रोज सकाळीं चहाबरोबर येतें. तें सारें एकाच हातचें वाटावें इतकें सारखें आहे. प्रत्येक ओळ सुभाषित होण्यासाठीं धडपडत असते. माणूस आहे, पण त्याला नांव नाहीं. घर आहे, पण त्याला गल्ली नाहीं. आई आहे, पण ती कोणत्या प्रांताची बोली बोलते तें कळत नाहीं. पु. लं.चा अंतू बर्वा रत्नागिरीचा आहे. त्याच्या एकेका शब्दाला तेथल्या तिरकसपणाचा वास आहे. ज्यानें तें व्यक्तिचित्र एकदां तरी मन लावून वाचलें, त्यास हा गुळचट मजकूर पु. लं.चा वाटणें शक्य नाहीं. नांवाबद्दल आदर उदंड, आणि त्या नांवाच्या धन्याचें पुस्तक मात्र उघडलेलें नाहीं, याचा आम्हांस सर्वांत अधिक खेद होतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. मराठी वाङ्मयाचा केवढा तरी भाग निनांवी किंवा परनांवी आहे. जात्यावरच्या ओव्यांस कर्ती ठाऊक नाहीं. नामदेवांच्या गाथेंत विष्णुदास नामा या मागाहूनच्या कवीचे अभंग मिसळले, आणि ते निवडतां निवडतां संशोधक थकले. मग आजच्याच मजकुरावर हा राग कां? आमचें उत्तर असें कीं, दळणारी बाई ओवी गाते तेव्हां ती तिला पाठ असते. आपल्या भावाचें, आपल्या माहेरचें नांव ती तींत गुंफते. ओवी तिच्यांतून पुढें जाते. पुढें पाठविणाऱ्याच्या मात्र अंगठ्याखालून मजकूर जातो. कित्येकदां तो डोळ्यांखालूनही जात नाहीं. शिवाय पाठ बिघडला तर तो बिघडला असें म्हणणारा पूर्वीं कोणी तरी असे. ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांत अपपाठ शिरले तेव्हां एकनाथांनीं शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ सालीं, ती शुद्ध केली, आणि पुढें कोणीं तींत आपली ओवी घालूं नये असें बजावून ठेविलें. कुटुंबाच्या गटावर एकनाथ होऊं पाहणाऱ्यास काय उत्तर मिळतें तें वर आलेंच आहे.

आमच्या लहानपणीं देवाच्या नांवानें पोस्टकार्डें येत. हाच मजकूर अकरा जणांस लिहून पाठवा, नाहीं तर अरिष्ट येईल. भोळेपणा तोच होता. परंतु अकरा कार्डें विकत घेऊन हातानें लिहावीं लागत, आणि चौथ्या कार्डापाशीं मनगट दुखूं लागलें कीं विवेक जागा होई. नव्या साधनानें माणसाचा भोळेपणा वाढविला असें आम्ही म्हणत नाहीं. त्यानें मनगटाचें दुखणें तेवढें काढून टाकिलें.

हें सारें साहित्याच्या प्रांतापुरतें असतें तर हंसून सोडून देतां आलें असतें. परंतु ज्या वाटेनें पु. लं.चें खोटें स्फुट येतें त्याच वाटेनें बातमीही येते, आणि तिलाही कर्ता नसतो. २०१८ च्या उन्हाळ्यांत मुलें पळविणाऱ्या टोळ्या आल्याची वार्ता देशांत फिरत होती. त्या दिवसांत एक चित्रफीतही हातोहात जाई: रस्त्यांत खेळणाऱ्या मुलाला मोटारसायकलवरचे दोघे उचलून नेतात. मुळांत ती पाकिस्तानांत कराची येथें मुलांच्या सुरक्षिततेसाठीं केलेली जाहिरात होती. मूळ फितींत तें मूल परत आणून सोडतात आणि पाहणाऱ्यांस सावधगिरीची सूचना वाचावयास मिळते. कोणीं तरी शेवट कापला. चरण गाळल्यानें अर्थाचा अनर्थ कसा होतो हें आम्ही टीपांतून लिहीत आलों. अनर्थ हा शब्द तेव्हां आम्हांस फार स्वस्त पडत होता.

१ जुलै २०१८ रोजीं धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यांत राईनपाडा येथें आठवड्याच्या बाजारीं नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पांच भिक्षेकरी आले. बहुतेक मंगळवेढ्याकडचे. मुलें पळविणारे समजून जमावानें त्यांस धरलें, ग्रामपंचायतीच्या कचेरींत नेलें आणि मरेपर्यंत मारलें. डवरी गोसावी म्हणजे डौर वाजवून गाणीं म्हणत गांवोगांव फिरणारे लोक. छापखाना नव्हता त्या काळीं एका गांवची कथा दुसऱ्या गांवीं गेली ती अशांच्याच पायांनीं. ज्यांनीं ती वार्ता पुढें धाडली त्यांचाही विचार चांगलाच असेल. मुलें सुखरूप राहावींत, यापलीकडे त्यांना दुसरें काय हवें होतें?

त्याच महिन्यांत व्हॉट्सॲपनें पुढें पाठविलेल्या मजकुरावर तशी खूण उमटविण्यास आरंभ केला, आणि भारतांत तो एका वेळीं पांचच ठिकाणीं धाडतां येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० पासून फार फिरलेल्या मजकुरास एका वेळीं एकच ठिकाण मोकळें ठेविलें. ही मनगटाचें दुखणें परत आणण्याचीच युक्ति आहे, व ती आम्हांस पसंत आहे. खूण मात्र अपुरी आहे. मजकूर कोठून तरी आला एवढें ती सांगते. कोणाचा, तें सांगत नाहीं. २०१६ पासून हे निरोप असे कुलुपबंद जातात कीं पाठविणारा व घेणारा यांवांचून ते कोणास वाचतां येऊं नयेत. सरकारनें २०२१ च्या नियमांनीं पहिला पाठविणारा शोधून देण्याची मागणी केली, आणि कंपनी न्यायालयांत गेली. खासगी पत्राचा लखोटा कोणीं फोडूं नये असेंच आमचें मत आहे. पण मग "हें कोणाचें?" असें विचारण्याचें काम ज्याच्या हातीं पत्र पडलें त्याच्याकडेच येतें, आणि तेथें वडीलधाऱ्यांचा मान आड येऊन चालणार नाहीं.

आमच्या आप्तांनीं आमच्याशीं महिनाभर अबोला धरिला होता. परवां त्यांनीं गटावर पावसाची एक कविता पाठविली. खालीं लिहिलें होतें: "कवीचें नांव मिळालें नाहीं. कोणास ठाऊक असल्यास कळवावें." तिला अद्याप कोणीं हात जोडलेले नाहींत.