संशोधकाचें इमान

नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर, अक्राणीच्या डोंगरांस लागून, नर्मदा वाहते. तिच्या पैलतीरीं, तेव्हांच्या झाबुआ जिल्ह्यांतील आलिराजपूर भागांत, अंजनवारा ह्या भिलालांच्या गांवीं राहून श्रीमती अमिता बाविस्कर ह्यांनीं जो ग्रंथ सिद्ध केला, तो १९९५ सालीं इंग्रजींत प्रसिद्ध झाला. 'नदीच्या उदरांत' असें त्याचें नांव मराठींत सांगतां येईल. सरदार सरोवराच्या बुडितांत ऐलतीरावरचीं, अक्कलकुवा व अक्राणी येथील ३३ गांवेंही आलीं. म्हणून हा विषय आम्हांस परका नाहीं.

बाविस्करबाई धरणविरोधी आंदोलनाविषयीं सहानुभूति घेऊनच तेथें गेल्या. आंदोलनाच्या लेखनांत आदिवासी हा निसर्गाशीं एकरूप झालेला रक्षक म्हणून रंगविला जाई. बाईंना मात्र पोटासाठीं जंगल तोडून केलेलीं 'नेवाड' शेतेंही दिसलीं, व तीं त्यांनीं लपविलीं नाहींत. ज्यांच्या घरची भाकरी खाल्ली त्यांच्याविरुद्ध सरकारच्या हातीं असा पुरावा द्यावा काय, ही शंका क्षुल्लक नव्हे. परंतु जंगल सरकारी ठरतांच पोट भरणें हाच गुन्हा कसा झाला, हेंही ग्रंथ दाखवितो. पुढें २००६ च्या वनहक्क कायद्यानें १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून आदिवासींनीं कसलेल्या वनजमिनींवर त्यांचा हक्क मान्य करण्याची तरतूद केली. नेवाड नव्हतेंच असें म्हणणारास हा हक्क कोणत्या तोंडानें मागतां आला असता?

१९४३ सालीं डॉ. घुर्ये ह्यांनीं आदिवासींस मागासलेले हिंदू ठरविलें. एल्विन ह्यांस त्यांचें वेगळेपण राखावयाचें होतें. दोघांच्याही पुढें आदिवासींचें काय करावें हा प्रश्न होता. आदिवासी स्वतः काय करीत आहेत, हा प्रश्न बाविस्करबाईंनीं पुढें आणिला, हें ह्या ग्रंथाचें मोठें श्रेय होय.

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. ह्याच अभ्यासावर लेखिकेस परदेशीं विद्यापीठाची पदवी मिळाली. पण ज्यांच्या चुलीशीं बसून तो झाला, त्यांस ग्रंथाची भाषाच अगम्य. हा दोष एकट्या लेखिकेचा नव्हे, आम्हां सर्व शिकलेल्यांचा आहे. खरें लिहिल्यानें संशोधकाचें अर्धें ऋण फिटतें. तें त्या माणसांस त्यांच्या बोलींत वाचून दाखविलें, म्हणजे उरलेलें फिटेल.