पिठाची मूठ आणि पिशवीतले दगड

ऑक्टोबर उजाडला की अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींकडून इकडच्या आजीआजोबांस नातवंडांची छायाचित्रे येऊ लागतात. कोणी वटवाघूळ झालेला असतो, कोणी हाडांचा सापळा, कोणी नुसती पांढरी चादर पांघरलेले भूत. आरती आटोपल्यावर देवळाच्या चौकात ती छायाचित्रे या हातातून त्या हातात जातात, कौतुक होते, आणि मग कोणी वडीलधारा विचारतोच की भुताखेतांचा हा सण आपल्या मुलांनी पाळावा हे बरे काय? हा प्रश्न आमच्या कानांवर इतक्यांदा आला आहे की त्याचा एकदा नीट विचार व्हावा असे आम्हांस वाटते. मात्र त्यासाठी पोथ्या उघडण्यापूर्वी दोन कलाकृतींत उतरलेले ह्या सणाचे रूप पाहावे अशी आमची सूचना आहे. एक १९४४ चा बोलपट. दुसरी १९६६ साली दूरचित्रवाणीसाठी केलेला, अर्ध्या तासाहून लहान असा व्यंगचित्रपट. दोन्हींत लहान मुलांचे हॅलोवीन आहे, आणि दोहोंच्या दरम्यान काय बदलले हे ध्यानात आले म्हणजे भुतांविषयीची चिंता बरीचशी गळून पडते व तिच्या जागी दुसरी, आमच्या मते अधिक खरी, चिंता येऊन बसते.

सणाचे मूळ थोडक्यात सांगावयाचे तर १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती लोकांचा सर्व संतांचा दिवस व त्याची पूर्वसंध्या म्हणजे हॅलोवीन. २ नोव्हेंबरला सर्व मृतात्म्यांचे स्मरण होते. त्या दिवशी गोव्यातील आपले ख्रिस्ती शेजारी थडग्यांपाशी फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात, हे आपण पाहतोच. आयर्लंड व स्कॉटलंडमधून अमेरिकेस गेलेल्या लोकांनी ह्या रात्रीचे खेळ बरोबर नेले. मायदेशी ते सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत. नव्या देशात भोपळा मिळाला आणि तोच ह्या सणाची खूण होऊन बसला.

आता पहिली कलाकृती. विन्सेंट मिनेली ह्यांच्या 'मीट मी इन सेंट लुईस' ह्या बोलपटाची ख्याती ज्यूडी गार्लंडच्या गाण्यांसाठी आहे. सॅली बेन्सन ह्यांनी 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात लिहिलेल्या कथांवर तो आधारलेला असून १९०३ च्या उन्हाळ्यापासून १९०४ च्या वसंतापर्यंत चार ऋतूंत त्याचे कथानक विभागले आहे. स्मिथ कुटुंबात आईबाप, आजोबा, स्वयंपाकीण केटी, चार मुली व एक मुलगा. घरचा कर्ता पेशाने वकील. (आमच्या ह्या व्यवसायबंधूस घरात कोणी फारसे विचारीत नाही, हे चित्रण आम्हांस अत्यंत वास्तव वाटले.) सर्वांत धाकटी टूटी. तिचे काम मार्गारेट ओब्रायन ह्या सात वर्षांच्या मुलीने केले आणि त्या वर्षीचे बालकलाकाराचे खास ऑस्कर पारितोषिक तिला मिळाले. ते किती योग्य होते हे हॅलोवीनचा प्रसंग पाहिल्यावर कळते.

त्या प्रसंगात दारोदार मिठाई मागणे नाही. मुले मोठ्यांचे जुने कपडे अंगावर चढवून बाहेर पडतात, रस्त्यात होळी पेटवतात, तीत मोडके लाकूडसामान ओढून आणून टाकतात. खेळ असा की पिठाची मूठ घेऊन शेजाऱ्याचे दार वाजवावयाचे, दार उघडताच घरधन्याच्या तोंडावर पीठ फेकून आपल्याला त्याचा तिटकारा असल्याचे बजावावयाचे आणि धूम ठोकावयाची. मुलांच्या परिभाषेत ह्याला त्या माणसास ठार मारणे म्हणतात. ब्राउकॉफ नावाच्या शेजाऱ्याविषयी मुलांत बोलवा आहे की तो मांजरांना विष घालतो व भट्टीत जाळतो. त्याच्या दारी जावयास मोठी मुलेही कचरतात. वयाने लहान म्हणून खेळातून वगळली गेलेली टूटी त्या घराकडे एकटी निघते.

मिनेलीने येथे जे केले आहे ते ह्या गोड बोलपटात कोणी अपेक्षिले नसेल. अंधारी गल्ली, वाऱ्यावर उडणारा पाचोळा, मागे दूर पडत जाणारा होळीचा उजेड, आणि आपल्या पायांवर विश्वास नसलेले एक मूल. पडद्यावर भूत मुळीच नाही. तरीही अंगावर काटा येतो, कारण आपण ते घर टूटीच्या उंचीवरून पाहत असतो. दार उघडते. आत एक साधा माणूस आणि त्याचा कुत्रा. टूटी पीठ फेकते, ठरलेले शब्द बोलते आणि पळत सुटते. तो माणूस जागच्या जागी उभा राहतो आणि कुत्रा खाली सांडलेले पीठ चाटू लागतो. तिकडे होळीपाशी मुले टूटीला सर्वांत भयंकर म्हणून डोक्यावर घेतात. मांजरे जाळणारा राक्षस कोठे गेला, हे विचारण्याचे कोणास सुचत नाही. प्रेक्षकास मात्र तो कुत्रा विसरता येत नाही.

कायद्याच्या दृष्टीने पाहता हा हल्ला आहे. आपल्या नव्या भारतीय न्याय संहितेच्या २० व्या कलमानुसार सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य अपराध ठरत नाही, तेव्हा टूटी सुटली. परंतु मिनेली तिला इतक्या सहज सोडीत नाही. त्याच रात्री ती व तिची बहीण ॲग्नेस कपड्यांत भराव घालून केलेले बाहुले ट्रॅमच्या रुळांवर टाकतात. टूटी ओठ फुटून रडत घरी येते आणि शेजारच्या जॉनने आपणांस मारले असे सांगून मोकळी होते. थोरली बहीण एस्थर, जी ह्याच जॉनवर जीव टाकते, ती त्याचे काही एक ऐकून न घेता त्याला बदडून काढते. मागाहून कळते की पोलिसांच्या हाती लागू नयेत म्हणून त्याने ह्या पोरींना आडोशाला ओढले होते. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे ऐकल्यावाचून निकाल देऊ नये हे न्यायाचे आद्य तत्त्व इतक्या हसतखेळत क्वचितच कोणी शिकविले असेल. मुलाचे धैर्य आणि मुलाचे क्रौर्य एकाच रात्रीत, एकाच चेहऱ्यावर दाखवून मिनेली पुढे जातो. बोलपटाचा शेवट आम्हांस त्या मानाने फारच साखरेत घोळलेला वाटतो. बापाने न्यूयॉर्कची बढती एका क्षणात सोडून देणे पटत नाही. पण त्या रात्रीसाठी त्याचे शंभर अपराध माफ आहेत.

पुढे हा दांडगावा नगरपालिकांस झेपेना. मिनेसोटातील अनोका गावाने १९२० साली मुलांचे लक्ष खोड्यांवरून वळविण्यासाठी मिरवणूक काढली. मग दारात येऊन 'ट्रिक ऑर ट्रीट' म्हणणे, म्हणजे खाऊ द्या नाहीतर खोडी काढू असे बजावणे, उत्तर अमेरिकेत हळूहळू रूढ झाले. वकिली भाषेत ही सरळसरळ खंडणी. महायुद्धात साखरेचे रेशनिंग आले तेव्हा ती काही वर्षे थंडावली. साखर मोकळी झाल्यावर मिठाईच्या कारखानदारांनी तिला असा हात दिला की धमकीतली धमकी गेली आणि फक्त पिशवी उरली.

त्या पिशवीचे महाकाव्य म्हणजे दुसरी कलाकृती, 'इट्स द ग्रेट पम्पकिन, चार्ली ब्राउन'. २७ ऑक्टोबर १९६६ रोजी ती प्रथम दाखविली गेली. लेखन व्यंगचित्रकार चार्ल्स शुल्झ ह्यांचे, दिग्दर्शन बिल मेलेंडेझ ह्यांचे. लायनस हा मुलगा अशी श्रद्धा बाळगून आहे की हॅलोवीनच्या रात्री भोपळ्यांच्या मळ्यातून महाभोपळा प्रकट होतो व भक्तांस खेळणी देतो. बाकीची मुले मिठाई मागत हिंडत असता तो मळ्यात जागरण करतो. त्याच्यावर भाळलेली सॅली त्याच्या सोबतीस बसते, महाभोपळा येत नाही, आणि हातची मिठाई गेली म्हणून ती नुकसानभरपाईच्या दाव्याची धमकी देते. शुल्झच्या मुलांना कायद्याचे मोठे वेड. ल्यूसी चार्ली ब्राउनला चेंडू हलविणार नाही असे लेखी, सहीनिशी देते, आयत्या वेळी चेंडू काढून घेते, आणि मग म्हणते की कागद नोटरीपुढे झालेला नव्हता! आमच्या मते तिने प्रतिफलाचा अभाव दाखवावयास हवा होता. १८७२ च्या आपल्या करार कायद्याच्या २५ व्या कलमान्वये तो बचाव अधिक भक्कम ठरला असता. स्नूपी कुत्र्याच्या विमानयुद्धाचा भाग मात्र लांबला आहे. रंगविलेली आकाशे कितीही देखणी असली तरी तेथे कथा थांबते.

ह्या चित्रपटात मोठे माणूस एकही दिसत नाही. मुले दारातून परत येतात, मिळालेला खाऊ मोजतात, आणि चार्ली ब्राउन दर घरानंतर सांगतो की आपल्या पिशवीत दगड पडला. प्रेक्षक हसतात. आम्हीही हसलो. परंतु तो दगड टाकला कोणी? दाराआडच्या मोठ्या माणसाने. बावीस वर्षांपूर्वीच्या बोलपटात मूल मोठ्याच्या तोंडावर पीठ फेकीत होते. येथे मोठा मुलाच्या पिशवीत दगड टाकतो. खोडी उलट्या दिशेने वाहू लागली आहे. शुल्झने हे समाजशास्त्र म्हणून लिहिले नसेल, तरी त्याच्या हातून ते लिहिले गेले खरे.

पुढील इतिहास तर त्या दगडाचाच विस्तार आहे. अनोळखी शेजारी मिठाईत विष घालतात, सफरचंदात पाती खुपसतात, अशी भीती अमेरिकेतील आईबापांत पसरली. जोएल बेस्ट ह्या समाजशास्त्रज्ञाने १९५८ पासूनच्या वृत्तपत्रांतील बातम्या तपासल्या व १९८५ साली आपले निष्कर्ष मांडले. अनोळखी माणसाने वाटलेल्या विषारी मिठाईने मूल दगावल्याचे एकही सिद्ध उदाहरण त्यांस आढळले नाही. १९७४ साली टेक्सासमध्ये एक आठ वर्षांचा मुलगा सायनाइड घातलेली मिठाई खाऊन मेला हे खरे. पण विम्याच्या पैशांसाठी ती त्याला देणारा त्याचा जन्मदाता बाप होता, आणि १९८४ साली त्याची देहान्ताची शिक्षा अमलात आली. म्हणजे मांजरांना विष घालणाऱ्या ब्राउकॉफची जी दंतकथा १९०३ च्या गल्लीत मुले एकमेकांस सांगत होती, तीच आता आईबाप एकमेकांस सांगतात. टूटी निदान त्याच्या दारापर्यंत गेली होती.

आजच्या तरुण कुटुंबाचा ऑक्टोबर ह्या भीतीच्या व बाजाराच्या दरम्यान धावपळीत जातो. दुकानांत उन्हाळा सरण्यापूर्वीच सोंगे टांगलेली असतात. एका शनिवारी शेतावर जाऊन भोपळा आणावयाचा, दुसऱ्या दिवशी तो कोरावयाचा. शाळेची मिरवणूक निराळी, वाहनतळावर मोटारींच्या मागच्या डिकीतून खाऊ वाटण्याचा समारंभ निराळा. थोरल्याने आयत्या वेळी सोंग बदलले म्हणून पुन्हा दुकान. ३१ तारखेस विजेरी घेऊन आईबाप मुलांच्या चार पावले मागे, आणि घरी आल्यावर जेवणाच्या टेबलावर खाऊची एकेक पुडी उजेडात धरून तपासणी. ह्या श्रमांमागचे वात्सल्य आम्ही नाकारीत नाही. दोघांनी नोकऱ्या सांभाळून हे करणे काही थोडे नव्हे. पण ह्या सर्व गडबडीत मुलास स्वतः करावयास काय उरले? व्हर्जिनियातील चेसापीक शहरात तर बारा वर्षांवरील मुलाने खाऊ मागत फिरणे कित्येक वर्षे दंडनीय होते व त्यासाठी तुरुंगवासाचीही तरतूद होती. २०१९ साली वयाची मर्यादा चौदा केली गेली व तुरुंग काढून टाकला. टूटीच्या गल्लीला हा कायदा लावला असता तर अर्धी होळी कोठडीत गेली असती.

आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांनी ह्यात परके असे काय आहे ते पाहावे. दारोदार जाऊन लाकडे मागावयाची, जो देणार नाही त्याची रात्री पळवावयाची आणि त्याच्या नावाने बोंब ठोकावयाची, हा शिमगा आपणच खेळलो आहोत. २०२४ साली तर योग असा आला की ३१ ऑक्टोबरच्या पहाटे गोव्यात नरकासुर जळले आणि त्याच दिवशी सायंकाळी अमेरिकेत मुले भुते होऊन निघाली. गवत, कागद आणि काठ्या जमवून वाड्यावरच्या पोरांनी वेडावाकडा नरकासुर करावा, त्यासाठी घरोघर वर्गणी मागावी, पहाटे त्यास पेटवून अभ्यंगास धावावे, ह्यात टूटीच्या होळीचाच ताप आहे. आता बाजारात नरकासुराचे तयार मुखवटे मिळतात, स्पर्धांत मोठी बक्षिसे लागतात, रात्रभर कर्णे लावले जातात, आणि श्रीकृष्णापेक्षा असुराचाच उदोउदो होतो अशी तक्रार देवळादेवळांतून ऐकू येते. तक्रार रास्त आहे. परंतु मूर्ती मोठी झाली ती कोणाच्या पैशाने व कोणाच्या हौशीने, हेही त्याच तक्रारीत लिहिले गेले पाहिजे. पोरे तर केव्हाच बाजूला सारली जाऊन प्रेक्षक झाली आहेत.

शुल्झच्या चित्रपटात पहाटे चारच्या सुमारास ल्यूसी उठते, भाऊ अंथरुणात नाही हे पाहून मळ्यात जाते, थंडीने कुडकुडणाऱ्या लायनसला हाताला धरून घरी आणते, त्याचे जोडे काढते आणि त्याला निजविते. दिवसभर त्याला मूर्ख म्हणणारी हीच बहीण. तिच्याकडून हे कोणी करवून घेतलेले नाही.

आणि ज्या सेंट लुईस शहरात टूटीने पीठ फेकले, तेथे आजही अशी चाल आहे की दारात आलेल्या मुलाने खाऊ घेण्यापूर्वी घरधन्यास एक विनोद सांगावा. विनोद बहुधा गेल्या वर्षीचाच असतो आणि सांगणारा अर्ध्यावर अडखळतो. घरधनी मात्र दारात उभा राहून तो पुरता ऐकून घेतो.