'उपयुक्त' म्हणजे कोणाला उपयुक्त?

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात एक प्रतिकृती हमखास असते. वर एक डबा, खाली एक डबा. वरच्या डब्यातले पाणी नळीतून खाली पडते आणि पत्र्याच्या पात्यांचे चाक फिरवते. चाकाला सायकलचा डायनामो जोडलेला आणि डायनामोच्या विजेवर चालणारा छोटा पंप तेच पाणी पुन्हा वर चढवतो. शेजारी पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत : 'फुकट वीज'. टेबलाखालून पंपाकडे बॅटरीची वायर गेलेली असते. ती दिसली तरी परीक्षक 'पोरांनी मेहनत घेतलीय' म्हणून सोडून देतात आणि पुष्कळदा बक्षीसही देतात.

मुळशी तालुक्यात कोळवणला काही शिक्षकांबरोबर बसलो असताना ह्याच प्रतिकृतीवरून वाद निघाला. एक गुरुजी म्हणाले, ''खोटं कसं म्हणता सर? आपल्याच तालुक्यातलं मुळशीचं पाणी भिऱ्याला खाली सोडतात आणि पुन्हा वर चढवतात. एवढी मोठी कंपनी करते ते काय उगीच?'' त्यावर विज्ञान शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, ''करतात, पण मिळते त्याहून जास्त वीज चढवायला जाते. मग हा तर शुद्ध वेडेपणाच झाला.'' दोघांनीही पुरावा म्हणून एकच वाक्य पुढे केले, कार्यक्षमतेची पाठ्यपुस्तकातली व्याख्या. एकाच व्याख्येतून दोन विरुद्ध निष्कर्ष निघत असतील, तर तिच्याकडे जरा संशयाने पाहायला हवे.

आधी हिशोब करू, तो नववी-दहावीच्या मुलांनाही जमतो. मुळशीचा जलाशय सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. भिऱ्याचे वीजघर घाटाखाली कोकणात, सुमारे ५०० मीटर खोल. एक घनमीटर पाणी म्हणजे १००० किलोग्रॅम. इतक्या उंचीवर त्याची स्थितिज ऊर्जा १००० × ९.८ × ५०० म्हणजे ४९ लाख ज्यूल होते. विजेचे एक युनिट ३६ लाख ज्यूलचे, म्हणून भागाकार सुमारे १.३६ युनिट. नळातले घर्षण, टर्बाइन आणि जनित्र ह्यांत मिळून बारा टक्के गेले असे धरू. हाती येते १.२ युनिट. तेच पाणी वर चढवताना तेवढीच गळती धरली तर सुमारे १.५५ युनिट द्यावी लागतात. म्हणजे शंभर युनिट दिली की सत्त्याहत्तर परत. बारा टक्के हा आकडा मी गणितापुरता धरला आहे, पण जगभरच्या अशा केंद्रांचा अनुभव ७० ते ८० टक्क्यांचाच आहे.

तेव्हा बाईंचे गणित बरोबर आहे. भिऱ्याचे मूळ वीजघर १९२७ सालचे, १५० मेगावॉटचे. त्याच्या जोडीला पाणी उलटे चढवू शकणारा १५० मेगावॉटचा संच १९९०च्या दशकात बसवला गेला. हा संच विजेचा हिशोब पाहता निव्वळ तोट्याचा आहे. मग तो बसवला कशासाठी? रात्री दोन वाजताचे युनिट आणि संध्याकाळी सात वाजताचे युनिट ज्यूलमध्ये सारखे असले तरी कामाला सारखे नसते. कोळशावरचे औष्णिक संच रात्री मागणी उतरली म्हणून दिव्यासारखे मालवता येत नाहीत. ती रात्रीची वीज वापरून पाणी वर नेले, तर संध्याकाळी सगळ्यांची बटणे एकदम खाली होतात तेव्हा ते काही मिनिटांत कामाला येते. आता सौर वीज वाढल्यावर हीच गोष्ट दुपारच्या विजेची झाली आहे. तेवीस युनिट घालवून सत्त्याहत्तर युनिटांची वेळ बदलून घेतली. हा सौदा शहाणपणाचा की वेड्याचा, ते त्या दोन वेळांच्या विजेची गरज पाहून ठरेल, नुसत्या टक्क्यांवरून ठरणार नाही.

गुरुजींचे मात्र चुकले, आणि ही चूक जास्त महत्त्वाची आहे. भिऱ्याचा पंप त्याच पाण्याच्या विजेवर चालत नाही, त्याला वीज बाहेरून येते. प्रदर्शनातल्या प्रतिकृतीत टेबलाखालची वायर असते तीच ही 'बाहेरची' वीज. वायर काढा, चाक दोन मिनिटांत थांबेल. मुलांना शिकवायचा धडा त्या वायरीत आहे, आणि आपण तीच झाकून बक्षीस देतो!

आता व्याख्येकडे वळू. कार्यक्षमता म्हणजे मिळालेली उपयुक्त ऊर्जा भागिले दिलेली एकूण ऊर्जा. ह्या वाक्यातले सगळे शब्द भौतिकशास्त्राचे आहेत, एक सोडून. 'उपयुक्त' हा शब्द कुठल्याही मापकयंत्रावर वाचता येत नाही. तो माणसाने बाहेरून आणून ठेवलेला आहे. पाठ्यपुस्तक त्याच्यावरून न अडखळता पुढे जाते, उदाहरण सोडवते, 'उत्तर : ६० टक्के' लिहिते. मुलांचा समज होतो की कार्यक्षमता हा घनतेसारखा किंवा उत्कलनबिंदूसारखा यंत्राचा अंगचा गुण आहे. माझी तक्रार आहे ती इथे.

साध्या दिव्याचे उदाहरण घ्या. तारेचा जुना बल्ब जेमतेम पाच टक्के विजेचा प्रकाश करतो आणि बाकीची उष्णता. वर्गात लावला तर त्याच्याइतका उधळ्या नाही, आणि एलईडीपुढे तो बाद झाला हे योग्यच झाले. पण तोच बल्ब कुक्कुटपालनाच्या शेडमध्ये एक दिवसाच्या पिलांना ऊब द्यायला टोपाखाली टांगला, की कार्यक्षमता पंचाण्णव टक्क्यांवर जाते. बल्ब तोच, तार तीच. बदलले फक्त 'उपयुक्त'. तिथे एलईडी लावणारा पिले गारठवून मारेल.

ह्याचा अर्थ 'सगळे आपापल्या दृष्टीवर' असा कोणी काढू नये. काय उपयुक्त हे माणूस ठरवतो, पण ठरवल्यानंतर आकडा निसर्गच देतो आणि त्यात घासाघीस चालत नाही. पाण्यावर गाडी चालवणारे दर चार-दोन वर्षांनी वर्तमानपत्रात झळकतात. त्यांना 'उपयुक्त' कसेही धरायला सांगा, शंभरावर जाता येणार नाही.

रोजच्या वादांत दुसरी लपलेली गोष्ट म्हणजे हिशोबाची हद्द. विजेची शेगडी चांगली की गॅसची? विकणारा सांगतो : इंडक्शन ८० टक्क्यांच्या वर, गॅस ६५च्या आसपास. पण ही हद्द भिंतीतल्या प्लगपाशी आखलेली आहे. ती कोळशाच्या वीजघरापर्यंत नेली, तर शंभर भाग उष्णतेतून पस्तीसएक भाग वीज, वाटेतली गळती वजा जाता तीसच्या आत, आणि भांड्यात पंचवीसही नाही. मग गॅसचीही हद्द तेलशुद्धीकरण कारखान्यापर्यंत न्यायला हवी. आणि वीज छतावरच्या सौर पट्ट्यांची असेल तर छेदात कोळसा उरतच नाही. वाद घालणारे दोघे सहसा आपापली हद्द न सांगता आकडे फेकत असतात.

चुलीच्या बाबतीत ह्या न सांगण्याची किंमत माणसांनी मोजली आहे. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून २००२पर्यंत देशभर सुधारित चुलींचा सरकारी कार्यक्रम चालला. मातीच्या साध्या चुलीची कार्यक्षमता दहा टक्क्यांच्या आसपास, ती दुप्पट करायची, म्हणजे सरपण निम्मे लागेल आणि जंगल वाचेल, असा विचार. मोजमाप पाणी उकळून करीत : किती लाकूड जळले आणि पाण्यात किती उष्णता गेली. त्या प्रयोगात चुली उत्तीर्ण झाल्या. घराघरांत मात्र पुष्कळशा टिकल्या नाहीत. कोणाच्या तव्याला तोंड जुळेना, कोणाचा धुराडा काजळीने तुंबला. भाकरीला लागणारी आच आणि पाणी उकळण्याची आच एक नव्हे, हे कोणत्याही घरात विचारले असते तरी कळले असते.

त्याहून गंभीर गोष्ट अशी की धूर ह्या भागाकारात कुठेच नाही. उलट, भांडे ज्योतीच्या अगदी जवळ आणले तर भांड्यात उष्णता जास्त जाते, आणि त्याच वेळी ज्योत थंड पडून ज्वलन अर्धवट राहते. काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतात. म्हणजे लाकूड वाचवणारी चूल जास्त विषारी असू शकते, आणि आपला आकडा तिला शाबासकी देईल. कर्क स्मिथ ह्या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीस गुजरातेतल्या खेड्यांत, स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर मापनयंत्रे लावून त्यांच्या श्वासातला धूर मोजला. तोवर चुलीवर संशोधन करणाऱ्या बहुतेकांनी लाकूड मोजले होते, चुलीपुढे बसलेली बाई मोजली नव्हती. चुलीच्या अभ्यासाची दिशा ज्या कामांनी बदलली, त्यांत हे एक.

गॅस आलेल्या घरांतही अंघोळीच्या पाण्यापुरती चूल अजून पेटते. वर्गासाठी हा प्रयोग छान आहे. २० लिटर पाणी २० अंशांनी तापवायला सुमारे १७ लाख ज्यूल लागतात. वाळलेल्या एक किलो लाकडात दीडशे ते एकशे साठ लाख ज्यूल असतात. म्हणजे दहा टक्क्यांच्या चुलीवर एका बादलीला एक किलोच्या थोडे वर लाकूड. मुलांनी घरी वजन करून पाहावे, आणि मुळशीच्या पावसाळ्यात ओल्या लाकडाने पुन्हा करावे. मात्र वहीत आणखी दोन रकाने आखायला सांगा : ते लाकूड कोणी, किती वेळात आणले, आणि धूर कोणाकडे गेला. तांब्याचा बंब असेल तर तोही पाहा. पाण्यामधूनच धुराडे नेण्याची ती युक्ती ज्या कोणा कारागिराची असेल, त्याला व्याख्या न शिकताही विषय समजला होता.

पुन्हा मुळशीकडे येऊ, कारण 'उपयुक्त' ह्या शब्दावरचा मोठा झगडा ह्याच तालुक्यात झाला. मुंबईच्या विजेसाठी बांधायच्या धरणात पन्नासच्या आसपास गावांच्या जमिनी जाणार होत्या, आंबेमोहोर पिकवणारी भातखाचरे. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. पुढे सेनापती बापट त्याचे नेते म्हणून ओळखले गेले. धरण झाले. ते पाणी पूर्वी मुळेतून भीमेकडे जाई, ते घाटाखाली कुंडलिकेत जाऊ लागले. जलविद्युत सुमारे नव्वद टक्के कार्यक्षम असते असे आपण आजही फळ्यावर लिहितो, आणि ते खरे आहे. भाताची खाचरे त्या अपूर्णांकात वरही नाहीत आणि खालीही नाहीत. धरण बांधायला नको होते असे मी ह्यावरून म्हणत नाही. ९० टक्के ह्या आकड्याचा त्या वादाशी काहीच संबंध नव्हता, एवढेच म्हणतो. मुळशीचे पाणी पुण्याला द्यावे अशी मागणी अधूनमधून निघते, तिथेही तेच. एक घनमीटर पाणी म्हणजे १.२ युनिट, म्हणजे छताचा एक पंखा सोळाएक तास. किंवा माणशी १३५ लिटर धरले तर सात माणसांचे एक दिवसाचे पाणी. ह्या दोहोंत निवड करायला टर्बाइनची कार्यक्षमता विचारून उपयोग नाही.

ऑगस्ट २०२३मध्ये टाटा पॉवर आणि राज्य सरकार ह्यांच्यात उदंचन साठवणीच्या दोन प्रकल्पांचा करार झाला : पुणे जिल्ह्यात शिरवता येथे १८०० मेगावॉट आणि रायगडमध्ये भिवपुरी येथे १००० मेगावॉट, खर्च सुमारे १३,००० कोटी रुपये. '२८०० मेगावॉट' हा आकडा सगळीकडे ठळक छापला गेला. मेगावॉट म्हणजे नळाची तोटी केवढी. टाकी केवढी आहे ते युनिटांत सांगावे लागते. १८०० मेगावॉट एक तास चालले तर १८ लाख युनिट, सहा तास चालले तर एक कोटी आठ लाख. हे संच किती तास चालतील, चढवायला किती युनिट लागतील आणि ती कोणत्या वेळची असतील, वरच्या-खालच्या तळ्यांखाली कोणाची किती जमीन जाईल, हे चार प्रश्न दहावीचा विद्यार्थी विचारू शकतो. पुढच्या प्रदर्शनात दोन डब्यांची प्रतिकृती आली की पुठ्ठ्यावरचे 'फुकट वीज' काढून तिथे हे चार प्रश्न लिहायला सांगा, आणि बॅटरीची वायर टेबलावर घ्या.