पिपची प्रीती आणि एस्टेलाचे सत्यवचन

निष्ठुर रमणी व तिच्यापायी झुरणारा प्रियकर हे समीकरण इतके रूढ आहे की, चार्ल्स डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' (१८६०-६१) या कादंबरीतील पिप व एस्टेला यांचा संबंधही त्याच साच्यात घालून वाचला जातो. मिस हॅविशॅमने पुरुषजातीवर सूड उगविण्यासाठी घडविलेली एस्टेला पिपला झुलविते, असा हा समज. कादंबरी त्याला दुजोरा देत नाही.

आपल्याला हृदयच नाही, हे एस्टेला पिपला स्वतःहून सांगते. पुढे ड्रमलला ती नादी लावीत असता पिप जाब विचारतो. तेव्हा आपण सर्वांना फसवितो, एका पिपला मात्र नाही, असे ती स्पष्ट बजावते. प्रेम करण्याची शक्तीच जिच्यात वाढू दिली गेली नाही, तिच्यापाशी देण्याजोगे एवढेच आहे आणि ते ती देते. पिपला ते दान वाटतच नाही.

याचे कारण त्याच्या प्रीतीच्या उगमात आहे. सॅटिस हाऊसमध्ये त्याच्या खरखरीत हातांचा आणि जाडजूड बुटांचा उपहास झाला, त्या क्षणी प्रेम आणि लज्जा एकदमच जन्मली. त्याला 'जंटलमन' व्हायचे आहे ते एस्टेलाला डिवचण्यासाठी की जिंकण्यासाठी, हा बिडीचा साधा प्रश्न म्हणूनच मर्मभेदी ठरतो. पिपला त्याचे उत्तर ठाऊक नाही. या प्रीतीची किंमत मोजतो तो जो गार्जरी. तो लंडनला येणार हे कळताच, पैसे देऊन त्याला टाळता आले असते तर बरे, असे पिपला वाटते. आणि पुढे एस्टेलाच्या भेटीसाठी गावी गेल्यावर तो जोच्या घरी न उतरता 'ब्लू बोअर' या खाणावळीत उतरतो. कादंबरीतील खरे निष्ठुर वर्तन हे आहे.

बुल्वर-लिटनच्या सल्ल्यावरून डिकन्सने शेवट बदलला आणि भग्न उद्यानात दोघांचे हात एकमेकांच्या हाती दिले. (सल्ला वाचकांच्या सोयीचा होता, यात शंका नाही.) जॉन फॉर्स्टरने चरित्रग्रंथात प्रसिद्ध केलेला मूळ शेवट अधिक सच्चा आहे. त्यात ड्रमलच्या मृत्यूनंतर एका डॉक्टराशी विवाहबद्ध झालेली एस्टेला पिकाडिलीत क्षणभर भेटते. दुःखाने तिला पिपचे पूर्वीचे मन उमगले आहे. पिपसोबतचा जोचा मुलगा तिला पिपचाच वाटतो व ती त्याचे चुंबन घेते. जिने आपल्याला कधी फसविले नाही, तिला पिप त्या समजुतीतच राहू देतो.