गिअर संपत कसे नाहीत?

शंकरपट पाहिलेल्या जिंतूरकरांना शर्यत कशी असते हे मी काय सांगणार! जोडी सुटते, धुरळा उडतो, काही सेकंदांत निकाल. आता 2001चा 'द फास्ट अँड द फ्युरिअस' घ्या. शर्यत पाव मैलाची, म्हणजे जेमतेम चारशे मीटर. पण हिरो गिअर टाकतोय, टाकतोय, टाकतोच आहे. एवढ्या गिअरांत आपली एसटी परभणीला पोचली असती! (हशा)

हसा खुशाल. पण 1957च्या 'नया दौर'मध्ये दिलीपकुमारचा टांगा मोटारबसला हरवतो, तिथं का नाही हसत आपण? तेही अचाटच की. बी. आर. चोप्रांनी शर्यतीआधी अख्खं गाव राबवलंय. जवळच्या वाटेनं रस्ता केलाय, पूल बांधलाय. बस जिंकली तर टांगेवाल्यांच्या चुली विझणार, हे आपल्याला ठाऊक असतं. त्यात अजित तोच पूल मोडायला निघतो! घोड्याचा वेग मोजायला सवड कुणाला?

तिकडेही पैज आहे, नाही असं नाही. हिरो गाडी लावतो नि हरतो. पुढं दुसरी मिळते त्याला, पहिलीपेक्षा भारी.